गंगाधरशास्त्री पटवर्धन : बडोद्याहून पुण्याला गेलेले वकील



आषाढी एकादशीला, म्हणजे आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या देवपोढी एकादशीला, विठ्ठलनाथजींचा वरघोडा निघतो आणि नागरवाड्यातली कितीतरी घरे मांडवीच्या दिशेने बाहेर पडतात. त्या गर्दीत उभे असताना आम्हांला दरवर्षी आणखी एक आषाढी आठवते. ती १८१५ सालची, पंढरपुरातली. त्या दिवसांत बडोद्याचे एक गृहस्थ विठ्ठलाच्या देवळातून बाहेर पडले आणि बिऱ्हाडी परत पोहोचलेच नाहीत. ते होते गंगाधरशास्त्री पटवर्धन, गायकवाड सरकारचे मुतालिक आणि पुण्याच्या दरबारातले बडोद्याचे वकील.

शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव एका ओळीत येऊन जाते. शास्त्रींचा खून झाला, त्रिंबकजी डेंगळे पकडले गेले आणि पेशवाईचा शेवट जवळ आला, एवढेच आपण पाठ केलेले असते. शास्त्री पुण्याला कशासाठी गेले होते, हे त्या ओळीत येत नाही. दोन शेजारी मराठी राज्यांमधला मुलखाचा आणि पैशाचा जुना तंटा समोरासमोर बसून मिटवावा, हे त्यांचे काम होते. ते जवळजवळ पूर्ण झाले होते. मग ते कुठे अडले, हे समजून घेण्यासाठी आम्ही हे चरित्र पुन्हा सांगत आहोत. आज बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांचा इतिहास या तंट्याच्या आसपासच घडला आहे.

गुजरातची वाटणी

तंट्याचे मूळ शास्त्रींच्या जन्माच्या आधीचे आहे. गुजरातच्या चौथाईवर सेनापती दाभाडे यांचा हक्क होता आणि गायकवाड हे त्यांचे सरदार. १७३१ मध्ये डभईजवळ पहिल्या बाजीरावांनी त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला. त्या लढाईत सेनापती मारले गेले, पण गुजरातेत गायकवाडांचे बळ वाढतच गेले. पिलाजीरावांचे चिरंजीव दमाजीराव यांनी १७३४ मध्ये बडोदे पुन्हा घेतले, ते गायकवाडांकडेच राहिले.

१७५१ मध्ये ताराबाईंच्या बोलावण्यावरून दमाजीराव फौज घेऊन साताऱ्याकडे गेले आणि नानासाहेब पेशव्यांच्या कैदेत सापडले. सुटकेच्या अटींमध्ये गुजरातचा निम्मा मुलूख पेशव्यांना देणे आणि थकबाकी भरणे ठरले. पुढे १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजीराव यांनी मिळून अहमदाबाद घेतले आणि त्या शहराचे उत्पन्नही निम्मे निम्मे झाले. अहमदाबादेत जमालपूरजवळ गायकवाड हवेली आजही उभी आहे आणि तिथे आता पोलिसांची कचेरी आहे. एका शहरात दोन सरकारांचे अंमलदार कसे बसत असतील, याची कल्पना ती पाहिली की येते.

आज सीमा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर नकाशावरची रेघ येते. तेव्हाची वाटणी रेघेने झालेली नव्हती, ती परगण्यांची होती. एक परगणा पेशव्यांचा, त्याला लागून दुसरा गायकवाडांचा, पलीकडे पुन्हा पेशव्यांचा. काही ठिकाणी एकाच गावाच्या वसुलात दोघांचे हिस्से. काठियावाडातली खंडणी गोळा करायला मुलूखगिरीची फौज जायची, तिच्या वसुलातही दोघांचा वाटा. अशा वाटणीत शेताच्या बांधावरून होतात तसे तंटे होणारच. आपल्या बडोदे संस्थानाचा नकाशा १९४९ मध्ये विलीन होईपर्यंत ठिपक्याठिपक्यांचा होता. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे चार प्रांत आणि मध्ये दुसऱ्यांचा मुलूख. त्याचे एक कारण या जुन्या वाटणीतच आहे.

यावर एक व्यवहारी तोड निघाली होती, ती म्हणजे इजारा. दोघांनी दोन अंमलदार ठेवून भांडण्यापेक्षा एकाने दोघांचाही वसूल करावा आणि दुसऱ्याला ठरलेली रक्कम द्यावी. पेशव्यांचे अहमदाबादचे अंमलदार आबा शेलूकर आणि गायकवाड यांच्यात उघड लढाई झाली आणि शेलूकर पकडले गेले. त्यानंतर १८०० मध्ये पेशव्यांच्या अहमदाबादच्या हिश्श्याचा इजारा वर्षाला ५ लाख रुपयांवर गायकवाडांना मिळाला. १८०४ मध्ये तो आणखी दहा वर्षांसाठी साडेचार लाखांवर वाढवला गेला. ही मुदत १८१४ मध्ये संपत होती. मुदत संपली की एकत्र केलेला कारभार पुन्हा दोन तुकड्यांत वाटला जाणार आणि जुनी सगळी भांडणे वर येणार, हे बडोद्यात सर्वांना दिसत होते.

फडक्यांच्या पदरी ते गायकवाडांचे मुतालिक

गंगाधरशास्त्री आरंभी पुण्यात फडके घराण्याच्या पदरी होते. तेथून ते बडोद्यास आले. तो काळ बडोद्यात मोठ्या उलथापालथीचा होता. १८०० मध्ये गोविंदराव गायकवाड वारले आणि गादीवर आनंदराव आले. कारभार दिवाण रावजी आप्पाजी यांच्या हाती होता. कडीचे मल्हारराव बंडाला उभे राहिले, अरब शिबंदीचे पगार थकले, सावकारांचे कर्ज डोक्यावर चढले. रावजी आप्पाजींनी मुंबईच्या इंग्रजांची मदत मागितली आणि १८०२ मध्ये मेजर अलेक्झांडर वॉकर फौज घेऊन बडोद्यात आले. ते येथले पहिले रेसिडेंट.

शास्त्री १८०३ मध्ये वॉकरसाहेबांच्या हाताखाली महिना १०० रुपयांवर रुजू झाले. रेसिडेंट आणि दरबार यांच्यातला सगळा बोलव्यवहार त्यांच्यामार्फत होई. सावकारांचे हिशेब, शिबंदीची कपात, काठियावाडचा बंदोबस्त या सर्वांत त्यांचा हात होता. कंपनीने त्यांना गाव दिले, पालखीचा मान दिला. रावजी आप्पाजी १८०३ मध्ये वारल्यावर त्यांचे दत्तक पुत्र सीताराम रावजी दिवाण झाले, पण कारभार त्यांच्याकडे टिकला नाही. आनंदरावांचे बंधू फत्तेसिंगराव प्रतिनिधी म्हणून राज्य पाहू लागले आणि शास्त्रींचे वजन वाढत गेले. १८१३ मध्ये ते गायकवाडांचे मुतालिक झाले. वर्षाला ६०,००० रुपयांची नेमणूक. दहा वर्षांत १०० रुपये महिन्यापासून इथवर.

माणूस कसा होता? एल्फिन्स्टन यांनी लिहून ठेवलेल्या वर्णनावरून ते झपझप चालणारे, भराभर बोलणारे, समोरच्याचे बोलणे मध्येच तोडणारे होते. इंग्रजी ढंगाची त्यांना हौस होती आणि बोलण्यात इंग्रजी शब्द पेरत. पेशव्यांविषयी आणि त्यांच्या कारभाऱ्यांविषयीही ते मागेपुढे न पाहता बोलत. हुशारी, कामाचा उरक आणि हिशेबाची पकड याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. पण अशा स्वभावाचा माणूस शत्रूही भराभर मिळवतो. सीताराम रावजींचा पक्ष बडोद्यात त्यांच्यावर दात धरून होता, आणि पुढे पुण्यातही या पक्षाने आपला माणूस नेऊन बसवला.

दोन्ही बाजूंचे हिशेब

पेशव्यांचे म्हणणे असे की गायकवाडांकडे खंडणीची आणि इतर बाबींची थकबाकी साचून ती कोटीच्या घरात गेली आहे. बडोद्याचेही उलट दावे होते. भरूचच्या उत्पन्नातला आपला हिस्सा आपल्याला न विचारता हातचा गेला, आबा शेलूकर यांच्याशी लढताना झालेला फौजेचा खर्च पेशव्यांच्या कामासाठीच झाला, तो वजा व्हावा, असे गायकवाड म्हणत. दोन्ही बाजूंना थोडे खरे होते आणि दोन्ही बाजूंना थोडे फुगवलेले होते. घरच्या वाटणीचे हिशेब पाहिलेल्या कोणालाही हे नवे वाटणार नाही.

यात एक तिसरा होता. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावांनी मान्य केले होते की गायकवाडांशी असलेल्या तंट्यात इंग्रज मध्यस्थ राहतील. बडोद्याचेही कंपनीशी करार झालेले होते. म्हणजे दोघांना आपसांत जमले नाही, तर निवाडा इंग्रज करणार, हे आधीच ठरलेले. तरीही कंपनीने दोघांना समोरासमोर बोलायची मुभा दिली होती. आपला निवाडा आपणच करायची ती शेवटची संधी होती. ती १८१४ मध्ये शास्त्रींच्या हाती आली.

पुण्यातले दिवस

वकील म्हणून शास्त्रींचे नाव निघाले तेव्हा पुणे दरबार खूश नव्हता. फडक्यांच्या पदरी असतानाच्या जुन्या गोष्टी बाजीराव विसरले नव्हते. बडोद्यालाही धाकधूक होती. म्हणून शास्त्रींच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली, बडोद्याच्या दफ्तरी बोलीत बहांदरी दिली. या हमीवर ते पुण्यास पोहोचले. सोबत बापू मैराळ होते.

आरंभीचे महिने निष्फळ गेले. बोलणी सुरू असतानाच अहमदाबादच्या इजाऱ्याची मुदत संपली आणि पेशव्यांनी तो गायकवाडांना न देता त्रिंबकजी डेंगळे यांना दिला. ज्या गोष्टीसाठी वकील पाठवला तीच हातची गेली. सीताराम रावजींचे हस्तक गोविंदराव बंधूजी आणि गायकवाड घराण्यातले भगवंतराव पुण्यात पेशव्यांच्या कानाशी लागले होते. एकाच राज्याचे दोन आवाज दुसऱ्याच्या दरबारात उठू लागले, की समोरच्याला घाई करण्याचे कारणच उरत नाही.

पुण्याचे रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी शेवटी ठरवले की यातून काही निघत नाही. शास्त्रींनी बडोद्याला परत जावे आणि तंटा इंग्रजांच्या निवाड्यावर सोडावा. हे कळताच पेशव्यांच्या दरबाराचा नूर बदलला. इंग्रजांचा निवाडा बाजीरावांना नको होता. कालपर्यंत परके असलेले शास्त्री एकाएकी जवळचे झाले. त्रिंबकजी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू लागले. शास्त्रींनी पुण्यातच राहून पेशव्यांचा कारभार पाहावा, इथवर गोष्ट गेली. पेशव्यांच्या मेहुणीचा विवाह शास्त्रींच्या मुलाशी करण्याचे ठरू लागले.

शास्त्री थांबले. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर काय केले असते, हे सांगणे सोपे नाही. मानपान आवडणारा माणूस मानपानाला भुलला, असे म्हणता येते. पण दुसरी बाजूही आहे. इतके महिने बंद असलेले दार उघडले होते. तिसऱ्याने निवाडा देण्याआधी आपसांत तोड निघण्याची ती वेळ होती आणि ती सोडून परत फिरणे कुठल्याही वकिलाला जड गेले असते.

सात लाखांचा मुलूख

तोड निघाली होती, हे विशेष. पेशव्यांच्या सगळ्या मागण्यांच्या बदल्यात गायकवाडांनी वर्षाला सात लाख उत्पन्नाचा मुलूख द्यावा आणि जुने हिशेब कायमचे मिटवावेत, असे शास्त्रींनी पुढे मांडले आणि पेशव्यांना ते पसंत पडले. दरवर्षी रक्कम देत-घेत राहण्याऐवजी एकदाच मुलूख तोडून द्यायचा, म्हणजे पुढे थकबाकीचा प्रश्नच नाही. हिशेबाच्या दृष्टीने यात अर्थ होता.

मात्र मुलूख देणे वकिलाच्या हाती नसते. शास्त्रींनी हा मसुदा बडोद्याला मंजुरीसाठी पाठवला. फत्तेसिंगराव जमीन द्यायला राजी नव्हते. त्यांनी ठाम नकारही कळवला नाही आणि होकारही दिला नाही. दिवस जात राहिले. इकडे पेशव्यांचा लवाजमा नाशिकला गेला, सोबत शास्त्री. तिथे लग्नाची तयारी सुरू झाली.

शास्त्रींची खरी कोंडी इथे झाली. तह मंजूर झाल्याखेरीज सोयरीक केली, तर बडोद्यात लोक म्हणणार की वकिलाने राज्याचा मुलूख देऊन स्वतःसाठी पेशव्यांचे नाते मिळवले. सोयरीक मोडली, तर पेशव्यांचा अपमान. त्यांनी राज्याकडे पाहून लग्न थांबवले. तयारी झालेली असताना मोडलेले लग्न आजही दोन घरांत पिढ्यांचे वैर घालते, मग ते तर पेशव्यांचे घर. त्यातच बाजीरावांच्या वाड्याविषयी जे बोलले जाई ते ऐकून शास्त्रींनी आपल्या पत्नीला तिथे पाठवायचे नाकारले. हेही दरबाराला लागले.

आमच्या मते या चरित्राचा सगळा अर्थ या काही आठवड्यांत आहे. बोलणी दोन राज्यांची होती, पण ती दोन घरांच्या मानापमानात गुंतली. वकील आपल्या सरकारच्या उत्तराची वाट पाहत राहिला आणि ते उत्तर आलेच नाही. स्पष्ट नकार आला असता तरी शास्त्री बडोद्याला परत येऊ शकले असते.

पंढरपूर

नाशिकहून परतल्यावर आषाढीच्या निमित्ताने पेशवे पंढरपूरला निघाले. शास्त्रींनाही थोड्या माणसांनिशी सोबत येण्याचा आग्रह झाला आणि ते गेले. एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळची लेणी पाहायला गेलेले होते. त्यामुळे हमी घेणारा जवळ नव्हता.

२० जुलै १८१५ च्या संध्याकाळी शास्त्रींना बरे वाटत नव्हते, अंगात कणकण होती. त्रिंबकजींकडून देवदर्शनाला येण्याचा निरोप आला. शास्त्रींनी तब्येतीचे कारण सांगून नाही म्हटले. पुन्हा निरोप आला. शेवटी मोजक्या, निःशस्त्र माणसांना बरोबर घेऊन ते देवळात गेले, दर्शन घेतले, त्रिंबकजींशी बोलले आणि परत निघाले. वाटेत मागून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना गाठले आणि भर रस्त्यात त्यांचा खून केला.

पेशव्यांनी उघड चौकशी केली नाही. एल्फिन्स्टन यांनी आपल्यापरीने माहिती गोळा करून ठपका त्रिंबकजींवर ठेवला आणि त्यांना स्वाधीन करण्याची मागणी केली. बाजीरावांचा यात किती हात होता, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. वकिलाला हात लावायचा नाही, हा आपल्याकडचा फार जुना दंडक आहे. रामायणातल्या दरबारातही दूताला मारू नये, असेच ठरले होते. तो दंडक मोडला, तोही वारकऱ्यांच्या गर्दीत आणि देवाच्या दारात. त्यामुळे महाराष्ट्रात आणि इथे बडोद्यात या बातमीने लोक हादरून गेले.

तह झाला, पण कोणाचा?

त्रिंबकजींना १८१५ मध्येच इंग्रजांच्या हवाली करावे लागले. ठाण्याच्या किल्ल्यात त्यांना ठेवले होते, तिथून सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. पेशवे आणि इंग्रज यांचे संबंध बिघडत गेले आणि १३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह झाला. त्यात बडोद्याचा विषय आलाच. पेशव्यांनी गायकवाडांवरच्या जुन्या मागण्या वर्षाला ४ लाख रुपयांवर सोडल्या. अहमदाबादचा इजारा साडेचार लाखांवर गायकवाडांकडे कायम झाला.

वरवर पाहता बडोद्याला शास्त्रींच्या मसुद्यापेक्षाही चांगले पदरात पडले. सात लाखांचा मुलूख द्यायचा होता तिथे चार लाखांवर भागले, आणि अहमदाबादही परत मिळाले. पण पुढची पाने उलटली की चित्र पालटते. ६ नोव्हेंबर १८१७ च्या करारात गायकवाडांनी हा नवा इजारा कंपनीला देऊन टाकला आणि मुलखाच्या अदलाबदलीत अहमदाबादमधला आपला स्वतःचा हिस्साही पुढे सोडला. ज्या शहरासाठी दोन मराठी राज्ये साठ वर्षे भांडली, ते दोघांच्याही हातून गेले. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण इतकी तंतोतंत खरी ठरल्याचे उदाहरण आमच्या माहितीत दुसरे नाही.

बाकीची माणसेही फार काळ राहिली नाहीत. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कम यांच्या स्वाधीन झाले आणि ब्रह्मावर्तास गेले. त्याच महिन्यात फत्तेसिंगराव वारले. पुढच्या वर्षी आनंदराव गेले आणि दुसरे सयाजीराव गादीवर आले. त्रिंबकजी पुन्हा पकडले गेले आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेतच १८२९ मध्ये वारले. हे सगळे घडेपर्यंत शास्त्रींचा मसुदा कोणाच्याच कामाचा उरला नव्हता.

आजच्या सीमांकडे पाहताना

ही गोष्ट जुनी आहे, पण शेजाऱ्यांच्या सीमा आजही अशाच अडतात. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर एकमेकांच्या मुलखात अडकलेली छोटी छोटी गावे होती, आपल्या पेशवे-गायकवाड परगण्यांसारखीच. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी त्यांच्या अदलाबदलीचा करार केला. बांगलादेशाने तो लवकरच मंजूर केला. भारताच्या संसदेची मंजुरी मात्र २०१५ मध्ये, शंभराव्या घटनादुरुस्तीने मिळाली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताच्या १११ आणि बांगलादेशाच्या ५१ वसाहतींची अदलाबदल झाली. बोलणी करणाऱ्यांनी सही केल्यावर घरच्या मंजुरीला ४१ वर्षे लागली आणि तेवढा काळ त्या गावांतली माणसे धड कुठल्याच देशाची नव्हती.

आपल्या गुजरातच्या दारातले उदाहरण कच्छच्या रणाचे. १९६५ मध्ये तिथे भारत आणि पाकिस्तान यांच्यात चकमकी झाल्या, आपसांत तोड निघाली नाही आणि प्रश्न तीन जणांच्या लवादाकडे गेला. फेब्रुवारी १९६८ मध्ये निवाडा आला. वादातल्या मुलखापैकी बहुतेक भाग भारताकडे राहिला आणि सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला मिळाला. निवाडा दोघांनी पाळला, हे चांगलेच झाले. पण काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे तेव्हा दोघांच्याही हाती राहिले नव्हते. १९७२ च्या सिमला करारात पुढचे प्रश्न आपसांत बोलून सोडवायचे ठरले, त्यामागे असे अनुभव आहेत.

समोरासमोरची बोलणी यशस्वी व्हायला दोन शहाणे वकील पुरत नाहीत. वकिलामागे त्याचे घर एका आवाजात उभे असावे लागते आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला, हो असो की नाही, वेळेत उत्तर द्यावे लागते. बडोद्याच्या दरबाराने शास्त्रींना ६०,००० ची नेमणूक दिली, परक्याची हमी मिळवून दिली, पण उत्तर दिले नाही. मारेकऱ्यांचा आणि त्यांच्या धन्यांचा दोष यामुळे तिळभरही कमी होत नाही. तरी आपल्या शहराच्या वाट्याचा दोष आपणच सांगितला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

शास्त्रींना कोणी इंग्रजांचा हस्तक म्हणतात, कोणी बडोद्याचा स्वामिनिष्ठ सेवक. दोन्ही नावांना आधार आहे. इंग्रजांच्या नोकरीतून ते वर आले, हे खरे. पण पेशव्यांचे नाते आणि कारभार समोर चालून आला असताना, बडोद्याचा शब्द मिळाल्याशिवाय आपण पुढे जाणार नाही असे ठरवून त्यांनी मुलाचे लग्न थांबवले, हेही तितकेच खरे. जिवावर बेतेल हे त्यांना त्या दिवशी ठाऊक नसेल, पण पेशव्यांचा राग ओढवेल हे नक्कीच ठाऊक होते.

मंडळी, आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर किंवा जुन्या पेटीत मोडी कागद पडून आहेत. इजारे, वसुलाच्या यादी, कुळांचे हिशेब. कारकून, फडणीस, शास्त्री, शिलेदार म्हणून आपले पूर्वज याच वाटणीच्या कारभारात बडोद्याला आले. ते कागद रद्दीत देऊ नका, वाचून घ्या आणि मंडळाला दाखवा. आणि पुढच्या देवपोढीला वरघोडा पाहताना, पंढरपूरहून परत न आलेल्या या बडोदेकराची मुलांना आठवण करून द्या.